नवा टीव्ही, जुना अ‍ॅम्प्लिफायर: आवाज जोडायचा कसा?

खर्ज

नमस्कार. महिन्याभरापूर्वी घरात नवा टीव्ही आला. चित्र झकास आहे, आवाजाने मात्र निराशा केली. स्पीकर पॅनेलच्या मागे, खाली तोंड करून बसवलेत. निवेदन कळतं, पण गाणं लागलं की डग्ग्याचा घुमारा पार नाहीसा होतो आणि नुसती चाटेवरची टिचकी ऐकू येते.

त्याच टीव्हीच्या बाजूला बाबांचा जुना स्टिरिओ आहे. अ‍ॅम्प्लिफायर, ट्यूनर, सीडी प्लेअर आणि दोन मोठे लाकडी स्पीकर. सीडी लावली की आजही खणखणीत वाजतो. टीव्हीचा आवाज त्यातून ऐकायचा आहे, बस. सराउंड नको, साउंडबार नको.

आतापर्यंत केलेले प्रयत्न सांगतो. टीव्हीच्या मागे लाल-पांढऱ्या आरसीए सॉकेटांची जोडी आहे. तिथून तार काढून अ‍ॅम्प्लिफायरच्या 'फोनो'मध्ये घातली, कारण तबकड्यांचा प्लेअर आता नाही आणि ती जागा रिकामी होती. आवाज आलाच नाही, व्हॉल्यूम वाढवला तर फक्त घरघर. टीव्हीच्या कडेला हेडफोनसारखं एक बारीक भोक आहे, तिथूनही काही आलं नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे फोनो, ट्यूनर, ऑक्स आणि टेपच्या दोन जोड्या आहेत, एकीवर 'प्ले' लिहिलंय आणि दुसरीवर 'रेक'. ऑक्समध्ये सीडी प्लेअर आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तारयंत्री

सगळ्यात आधी फोनोतली तार काढा. आज त्यातून आवाज आला नाही हे बरंच झालं, कारण आला असता तर स्पीकरवर ताण पडला असता.

तबकडीच्या सुईतून येणारा सिग्नल अगदी क्षीण असतो, साधारण 5 मिलिव्होल्ट. म्हणून फोनोच्या मागे एक जास्तीचा प्रवर्धक बसवलेला असतो आणि तो सिग्नल शंभरेक पट मोठा करतो. शिवाय तबकडी कापताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबलेले असतात आणि तार सूर चढवलेले असतात. फोनोतलं सर्किट नेमकं त्याच्या उलट करतं, खर्ज वर काढतं आणि तार सूर खाली आणतं. टीव्हीचा धडधाकट सिग्नल त्यात सोडला की फाटलेला, घुमणारा, कान किटवणारा आवाज येतो. फोनो सोडून ऑक्स, ट्यूनर, सीडी, टेप प्ले हे सगळे विद्युतदृष्ट्या जवळजवळ सारखेच असतात. नावं फक्त सोयीसाठी. टीव्ही यांपैकी कुठेही चालेल.

आता टीव्हीकडे वळा. ती लाल-पांढरी जोडी 'इन' आहे का 'आउट', हे विजेरी घेऊन नीट वाचा. जवळच पिवळं सॉकेट असेल तर बहुतेक ते 'एव्ही इन' असणार, म्हणजे जुना डीव्हीडी प्लेअर टीव्हीला जोडायची जागा. तिथून आवाज बाहेर येत नाही, आत जातो. बारीक भोकाचंही तसंच. त्यावर हेडफोनचं चित्र आहे की 'एव्ही' लिहिलंय ते सांगा. मागची जितकी सॉकेटं आहेत तितक्यांची नावं इथे टाका, मग पुढचं बोलू.

रातकिडा

ब्लूटूथ का नाही वापरत? अ‍ॅम्प्लिफायरला ब्लूटूथ रिसीव्हर लावा, टीव्हीशी जोडा, झालं. मी तसंच केलंय.

तारयंत्री

@रातकिडा, गाण्यांसाठी उत्तम उपाय आहे. बोलणाऱ्या माणसाचा चेहरा पडद्यावर असला की पंचाईत होते. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज दोन-एकशे मिलिसेकंद उशिरा पोचणं अगदी नेहमीचं आहे. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.1359 या शिफारशीत आवाज चित्राच्या सुमारे 125 मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकाला ते जाणवू लागतं असं दिलंय. आवाज चित्राच्या पुढे गेला तर 45 मिलिसेकंदांतच खटकतं. तुलनेसाठी, स्पीकरपासून तीन मीटरवर बसलात तर हवेतून आवाज यायला साधारण 9 मिलिसेकंद लागतात आणि ते कुणालाच कळत नाही. काही टीव्ही ब्लूटूथचा उशीर ओळखून चित्रही तेवढंच थांबवतात. तुमच्याकडे बहुतेक तसं होत असेल. पण टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर शेजारी-शेजारी असताना तारच घालावी असं माझं मत.

खर्ज

विजेरी घेऊन टीव्हीच्या मागे अर्धा तास घालवला. तारयंत्री, तुमचं बरोबर निघालं. लाल-पांढऱ्या जोडीवर 'एव्ही इन' आहे, अक्षरं प्लॅस्टिकमध्येच कोरलेली असल्याने दिसत नव्हती. बारीक भोकावर 'कॉम्पोनंट इन' आहे, तेही इनच. हेडफोनचं सॉकेट या टीव्हीला नाहीच.

बाकी: एचडीएमआयची तीन सॉकेटं, त्यातल्या दुसऱ्यावर एआरसी लिहिलंय. दोन यूएसबी. केबलची गोल तार येते ते सॉकेट. आणि एक चौकोनी, झडप असलेलं, 'डिजिटल ऑडिओ आउट ऑप्टिकल'. टीव्ही चालू असताना झडप बोटाने ढकलली तर आत लाल उजेड दिसतो.

जुनी तबकडी

तो लाल उजेड म्हणजेच तुमचा आवाज. या जोडणीला टॉसलिंक म्हणतात. तोशिबाने 1983 मध्ये आणली, नावातला 'टॉस' तिथूनच आलाय. आवाजाचे आकडे प्रकाशाच्या उघडझापीत बदलून प्लॅस्टिकच्या तंतूतून पाठवले जातात. अ‍ॅम्प्लिफायरला हे आकडे कळत नाहीत, त्याला खालीवर होणारा व्होल्टेज हवा. म्हणून मध्ये एक छोटी डबी लागते, डिजिटल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, लोक नुसतं डॅक म्हणतात. एका बाजूला ऑप्टिकल आत, दुसऱ्या बाजूला लाल-पांढरं आरसीए बाहेर, आणि 5 व्होल्टचा पुरवठा.

घेताना बघा की डबी 'डिजिटल ते अ‍ॅनालॉग' आहे. तशाच दिसणाऱ्या 'अ‍ॅनालॉग ते डिजिटल' डब्याही मिळतात आणि घाईत चूक होते. ऑप्टिकल तार साधी चालते, महागडीने आवाज सुधारत नाही. फक्त दोन्ही टोकांवरची बारीक पारदर्शक टोपणं काढायला विसरू नका. सिग्नल न येण्याचं मी पाहिलेलं सर्वांत जास्त वेळा आढळणारं कारण तेच. प्लग एका बाजूने तिरपा कापल्यासारखा असतो, तो एकाच दिशेने बसतो, दाबून घुसवू नका. आणि तार कडक कोनात मोडू नका, मोठ्या वळणाने न्या.

सप्तरंगी

माझ्या टीव्हीला ऑप्टिकलही नाही, नुसतं एचडीएमआय एआरसी आहे. मी एचडीएमआयमधून आवाज वेगळा काढणारी डबी आणली, ती टीव्हीच्या एचडीएमआयला लावली, तर काहीच नाही. खराब आहे का?

तारयंत्री

@सप्तरंगी, डबी बहुधा चांगली आहे, जातच वेगळी आहे. टीव्हीवरचं एचडीएमआय म्हणजे मुळात आत येण्याचा दरवाजा. सेट-टॉप बॉक्समधून टीव्हीकडे जाणाऱ्या तारेत मध्ये बसून आवाज काढून घेणारी डबी तुम्ही आणली असावी. टीव्हीतून उलट बाहेर आवाज पाठवायची सोय म्हणजे एआरसी, ती 2009 च्या एचडीएमआय 1.4 मध्ये आली. त्यासाठी डबीवर स्पष्टपणे एआरसी लिहिलेलं हवं, टीव्हीवरच्या एआरसी लिहिलेल्याच सॉकेटात लावायला हवी, आणि टीव्हीच्या मेनूत एआरसी व सीईसी दोन्ही चालू करायला हवेत. सीईसी म्हणजे एचडीएमआयवरची उपकरणं एकमेकांना 'चालू हो', 'आवाज वाढव' असं सांगतात ती सोय. काही एआरसी डब्या सीईसी समजून घेतात, मग टीव्हीच्या रिमोटने व्हॉल्यूम बदलता येतो. हा त्यांचा मोठा फायदा आहे.

खर्ज

डॅक आला. जोडणी अशी केली: टीव्हीच्या ऑप्टिकलमधून डॅक, डॅकच्या लाल-पांढऱ्यातून अ‍ॅम्प्लिफायरच्या टेप प्लेमध्ये. डॅकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून दिली, म्हणजे टीव्हीबरोबर आपोआप चालू-बंद होईल.

आवाज आला! केबलवर गाण्याचा कार्यक्रम चालू होता, तंबोऱ्याची जवारी या खोलीत मी कित्येक महिन्यांनी ऐकली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

पण दोन अडचणी आहेत. एक, टीव्हीतलं चित्रपटांचं अ‍ॅप लावलं की आवाज जातो, कधी पूर्ण शांतता, कधी खरखर. परत केबल लावली की ठीक. दुसरी, मागे सतत एक बारीक गुणगुण आहे. कार्यक्रम शांत झाला की स्पष्ट ऐकू येते.

जुनी तबकडी

पहिली अडचण टीव्हीच्या सेटिंगची आहे. चित्रपटाच्या अ‍ॅपमधून पाच-सहा वाहिन्यांचा डॉल्बीचा आवाज येतो आणि टीव्ही तो बांधलेल्या गाठोड्यासारखा जसाच्या तसा ऑप्टिकलमध्ये सोडतो. साध्या डॅकला ते गाठोडं सोडता येत नाही, त्याला पीसीएम नावाचे सरळ आकडे लागतात. मेनूत 'डिजिटल आउटपुट' किंवा 'ऑडिओ फॉरमॅट' असं काहीतरी सापडेल. तिथे ऑटो, बिटस्ट्रीम, डॉल्बी असे पर्याय असतील, त्यातला पीसीएम निवडा. मग टीव्ही स्वतः गाठोडं सोडून दोन वाहिन्यांचा आवाज करून देईल. तिथे वारंवारिता विचारली तर 48 किलोहर्ट्झ ठेवा.

तारयंत्री

गुणगुणीबद्दल एक प्रयोग करा. अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवा, व्हॉल्यूम नेहमीइतका, आणि टीव्हीला येणारी केबलची गोल तार काढा. गुणगुण थांबली का? मग ती परत लावा आणि या वेळी डॅकची यूएसबी वायर टीव्हीतून काढून एखाद्या फोनच्या चार्जरमधून वीज द्या. काय झालं ते लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर नेमकं कशाने थांबलं ते कळणार नाही.

खर्ज

पीसीएम केलं, चित्रपटाचं अ‍ॅप व्यवस्थित वाजतंय. धन्यवाद जुनी तबकडी.

गुणगुण: केबलची तार काढली, बंद. लावली, चालू. मग केबल तशीच ठेवून डॅक चार्जरवर घेतला, तरी बंद! हे कसं काय?

तारयंत्री

तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला तीन पिनांचा प्लग आहे ना? मग चित्र स्पष्ट आहे. केबलच्या तारेचं बाहेरचं आवरण दूर कुठेतरी जमिनीला जोडलेलं असतं. अ‍ॅम्प्लिफायर तुमच्या भिंतीतल्या सॉकेटातून अर्थ होतो. या दोन जमिनींमध्ये किंचित व्होल्टेजचा फरक असतोच. दोघांना जोडणारा रस्ता मिळाला की त्यातून वीजपुरवठ्याच्या वारंवारितेचा बारीकसा प्रवाह वाहतो आणि आरसीए तारेच्या आवरणातून जाताना तोच स्पीकरमध्ये ऐकू येतो. याला ग्राउंड लूप म्हणतात.

ऑप्टिकल तार प्लॅस्टिकची, तिच्यातून वीज जात नाही. म्हणून ऑप्टिकल जोडणीत ही कटकट सहसा होत नाही. पण यूएसबीची वायर टीव्हीतून घेतल्यामुळे तुम्ही मागच्या दाराने टीव्हीची जमीन डॅकला आणि डॅकमधून अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. चार्जरवर घेतल्यावर तो रस्ता तुटला. चार्जरच ठेवा.

एक विनंती, हे वाचणाऱ्या सगळ्यांना. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन कापू नका, टेप लावून झाकू नका. गुणगुण जाते हे खरं, पण आत काही बिघडून धातूच्या पेटीत वीज उतरली तर तिला जमिनीत जायला वाट उरत नाही. ती वाट मग हात लावणारा माणूस होतो. हेडफोन सॉकेटातून जोडणाऱ्यांना गुणगुण आली तर तारेत बसवायचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो, तो वापरा.

पंचकोनी

धागा छान चाललाय. माझा प्रश्न जरा बाजूचा. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला आरसीए नाहीच, पाच भोकांची गोल सॉकेटं आहेत. डॅक कसा जोडू?

जुनी तबकडी

ती डिन सॉकेटं. जुन्या युरोपीय स्टिरिओंना असायची. एका टोकाला डिन आणि दुसऱ्याला आरसीए अशी तयार तार मिळते, पण दिशा बघून घ्या. अर्धवर्तुळात पिना क्रमाने मोजल्या तर आकडे 1, 4, 2, 5, 3 असे येतात. मधली 2 ही जमीन. टेपच्या सॉकेटात 3 आणि 5 मधून आवाज अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जातो, 3 डावा आणि 5 उजवा. 1 आणि 4 मधून रेकॉर्डिंगसाठी बाहेर येतो. तुम्हाला 3 आणि 5 ला जोडलेली तार हवी. चार आरसीए असलेली घेतलीत तर चारांपैकी दोनच वापरायच्या, उरलेल्या दोन लोंबू देत, फक्त त्यांची टोकं कशाला टेकणार नाहीत असं बघा.

खर्ज

आठवडाभर वापरून तीन गोष्टी लक्षात आल्या. व्हॉल्यूमचं बटण जरा फिरवलं की आवाज प्रचंड होतो, नऊच्या काट्यापलीकडे जाताच येत नाही. तिथे डावा-उजवा सारखाही वाटत नाही. दुसरं, उजवा स्पीकर मधूनच जातो आणि अ‍ॅम्प्लिफायरवर टकटक केलं की येतो. तिसरं, आईला चित्रपटातले संवाद नीट कळत नाहीत, पार्श्वसंगीत अंगावर येतं.

तारयंत्री

व्हॉल्यूमचं कारण आकड्यांत आहे. डॅक पूर्ण जोरात साधारण 2 व्होल्ट देतो. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरना पूर्ण ताकदीने वाजायला 150 ते 200 मिलिव्होल्ट पुरत. म्हणजे दहा पटींहून जास्त सिग्नल आत जातोय. आणि व्हॉल्यूमच्या पॉटचे, म्हणजे बटणामागच्या फिरत्या रोधाचे, डाव्या-उजव्यासाठीचे दोन भाग सुरुवातीच्या टप्प्यात क्वचितच तंतोतंत जुळतात, म्हणून डावं-उजवं कमीजास्त वाटतं. आरसीएच्या तारेत बसणारे 10 किंवा 12 डेसिबलचे अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारे जोड, मिळतात, ते लावा. बटण दहा-अकरापर्यंत येईल.

उजव्या स्पीकरसाठी: सगळं बंद करून डॅककडच्या टोकाला लाल आणि पांढरी यांची अदलाबदल करा. आता डावा स्पीकर जायला लागला तर दोष डॅकमध्ये. तरीही उजवाच गेला तर दोष तारेत किंवा तिच्या पुढे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, स्पीकरच्या वायरीत किंवा स्पीकरमध्ये. टकटकीने परत येतो म्हणता, तर माझा संशय अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणांवर आहे. वर्षानुवर्षं न हललेल्या संपर्कांवर काळपट थर धरतो. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून सिलेक्टर, टेप मॉनिटर आणि बॅलन्स वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. बऱ्याचदा एवढ्याने काम होतं. नाही झालं तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा लागेल. झाकण उघडायचं असेल तर प्लग काढूनही बराच वेळ थांबा, आतले मोठे कपॅसिटर वीज धरून ठेवतात. सवय नसेल तर कारागिराकडेच द्या.

रातकिडा

अ‍ॅटेन्युएटर कशाला, व्हॉल्यूम असलेला डॅक घेऊन तिथेच कमी करता येईल. रिमोटही मिळेल.

जुनी तबकडी

@रातकिडा, करता येईल, पण डिजिटलमध्ये दर 6 डेसिबल कमी केले की साधारण एक बिट जातो. 16 बिटांच्या आवाजातून 20 डेसिबल कापले तर तीनहून जास्त बिट गेले.

तारयंत्री

कागदावर बरोबर. पण त्या अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची सळसळ त्या हरवलेल्या बिटांपेक्षा मोठी असण्याची शक्यता जास्त. शिवाय डॅक 24 बिटांचा असेल तर प्रश्नच उरत नाही. घरातल्या सगळ्यांना रिमोट हवा असेल तर मी रातकिडांचा उपाय निवडेन: अ‍ॅम्प्लिफायर सोसवेल इतक्या जास्तीत जास्त पातळीवर ठेवून द्यायचा आणि रोजचं कमीजास्त डॅकवर.

सप्तरंगी

संवादांबद्दल मला माहीत आहे, घरी हाच त्रास होता. सहा वाहिन्यांच्या आवाजात संवाद बहुतेक मधल्या स्पीकरला दिलेले असतात. दोन वाहिन्या करताना ते डाव्या-उजव्यात मिसळतात आणि संगीताखाली दबतात. अ‍ॅपमध्ये आवाजाचा ट्रॅक निवडता येत असेल तर 5.1 (म्हणजे त्या सहा वाहिन्या) ऐवजी स्टिरिओ घ्या. टीव्हीत रात्रीचा मोड असेल तर तो चालू करा, त्याने मोठा आवाज दबतो आणि बारीक उचलला जातो. अ‍ॅम्प्लिफायरवर 'लाउडनेस' दाबलेलं असेल तर सोडा, त्याने खर्ज फुगतो आणि बोलणं झाकतं. आईंची खुर्ची दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये ठेवून बघा. मध्ये बसलं की संवाद पडद्यातून येतोय असं वाटतं, एका बाजूला सरकलं की तो भास मोडतो.

एआरसीची डबी मिळाली, सीईसी चालू केल्यावर टीव्हीचाच रिमोट चालतोय. तारयंत्री, आभार.

खर्ज

लाउडनेस दाबलेलंच होतं, बाबांना आवडायचं. सोडल्याबरोबर संवाद मोकळे झाले. खुर्चीही हलवली.

अदलाबदल केल्यावरही उजवाच स्पीकर जात होता. टेप मॉनिटरचं बटण तीस वेळा दाबलं-सोडलं, पहिल्या दहा वेळा स्पष्टपणे अडकत होतं, नंतर सुटं झालं. चार दिवस झाले, उजवा एकदाही गेलेला नाही. अ‍ॅटेन्युएटर लावले, बटण साडेदहावर असतं.

टेप मॉनिटरचा एक फायदा इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. हे बटण दाबलं की सिलेक्टर कुठेही असो, टेप प्लेमधलंच वाजतं. म्हणजे आमच्याकडे बटण आत असलं की टीव्ही आणि बाहेर असलं की सीडी. आईसाठी त्या बटणाखाली कागदाची पट्टी चिकटवून 'टीव्ही: आत' असं लिहिलंय. काल मी घरी पोचलो तेव्हा तिने एकटीने लावून ठेवलं होतं, आणि जिन्यातच डग्गा ऐकू आला.